सार्जंट थांबला ती जागा

तोतोरापाता या डोंगरातल्या गावी प्रार्थनाघरात दर बुधवारी दुपारी साक्ष द्यायची पद्धत होती. आठवडाभरात देव आपल्याशी काय बोलला ते एकेकानं उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्याच्याकडे सांगायला काही नसे त्याची त्या बाकावर काय गत होई, ते त्यालाच ठाऊक. फेलिपा नावाची एक बाई ओळीनं तीन बुधवार ‘पुढच्या खेपेला सांगते’ म्हणाली, आणि चौथ्या बुधवारपासून तिच्या गुडघ्याला कायमचं दुखणं जडलं.

बासिलियाला ही अडचण कधी आली नाही. ती उभी राहिली की बायका आपल्या शाली सावरून पुढं सरकत. बस चुकली म्हणून ती चिडली होती, पण मागून आलेल्या बसमध्ये तिला चार वर्षांत न भेटलेली मावसबहीण भेटली. सुपाचं मडकं हातातून निसटलं, पण सांडलेल्या सुपात खिळा निघाला. वाळत घातलेली घोंगडी उगाचच आत घ्यावीशी वाटली आणि अर्ध्या तासात गारा पडल्या. असं काही ती सांगे, तेही अगदी साधेपणानं, आणि शेवटी म्हणे, “मी फक्त लक्ष ठेवलं. बोलला तो.” मग आमेन असं उसळे की पत्र्याच्या छपरावरची कबुतरं उडून जात.

हे लक्ष ठेवायला पाळक सेनोन यांनी शिकवलं होतं. सेनोन मोटारसायकलवरून तालुक्याहून येत, अंगात एकच तपकिरी स्वेटर, पोटाला पुरेसं खाल्ल्याची कुठलीही खूण नाही. माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते म्हणत, “देव ढोल बडवत येत नाही. हळू बोलतो. रोजच्या कामात बोलतो. कान द्या, आणि लिहून ठेवा.” त्यांनी घरटी एक निळ्या पुठ्ठ्याची वही दिली होती. बासिलियाला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि तिची चौदा वर्षांची मुलगी मारिबेल आपल्या गोल अक्षरात लिहायची.

देव कशातून बोलतो याबरोबर कशातून बोलत नाही, हेही पाळकांनी शिकवलं होतं. कोकाची पानं टाकून कौल घ्यायचा नाही. जूनमध्ये पहाटेचे तारे बघून पेरणी ठरवायची नाही. कोल्ह्याची कोल्हेकुई मोजायची नाही, टिटवीनं अंडी कुठं घातली ते बघत फिरायचं नाही. ती सगळी जुन्या लोकांची सैतानी खिडकी. आता देवानं कशातून बोलावं हे ठरवताना देवाला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

बासिलिया हे सगळं तंतोतंत पाळायची, आणि का पाळू नये? तिचा नवरा एव्हारिस्तो अकरा वर्षं प्यायला होता. शेतावर जातो म्हणून जायचा आणि संध्याकाळी झिंगत यायचा. रस्त्यावरच्या दुकानात बसत असेल, असं ती धरून चालली होती. शोधायला मात्र कधी गेली नाही, कारण शोधलं असतं तर सापडला असता. तीन वर्षांपूर्वी याच प्रार्थनाघरात तो गुडघ्यावर बसला, लहान पोरासारखा रडला, आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. ज्या देवानं हे करून दाखवलं त्याचा शब्द बासिलियानं खाली पडू दिला असता तर ती कृतघ्न ठरली असती. तिला तसं व्हायचं नव्हतं.

घरात एकच माणूस या सगळ्याला नाक मुरडायचं, आणि ते म्हणजे एव्हारिस्तोची आई तोमासा. म्हातारीनं सत्तरी कधीच ओलांडली होती. भिंतीला पाठ लावून उन्हात बसायची, गालात कोकाच्या पानांचा बोळा, आणि जिभेला धार.

“तुझा देव फार हळू बोलतो बाई,” ती सुनेला म्हणायची. “घसा धरलाय का त्याचा? आमच्या डोंगराला काही सांगायचं असलं तर बहिऱ्याला ऐकू जातं.”

“आई, तुमचं तुमच्याजवळ ठेवा.”

“ठेवलंयच की. घेतंय कोण?”

त्या वर्षी मारिबेलची गावातली शाळा संपली. पुढची शाळा तालुक्याला, आणि राहायचं तिथल्या वसतिगृहात. वसतिगृहाचा नियम असा की प्रत्येक पोरामागं घरच्यांनी वर्षाला चार पोती बटाटे आणि एक पोतं चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेले बटाटे, पोचते करायचे. एव्हारिस्तोची बहीण प्लासिदा ला पाझ शहरात एका श्रीमंत घरी स्वयंपाकाला होती. त्याच घरात एक पोरगी वरकामाला हवी होती. राहायचं तिथंच, मोरीशेजारच्या खोलीत, आणि घरी यायचं वर्षातून दोनदा. प्लासिदा दोन वर्षं मारिबेलच्या मागं लागली होती.

“पीक आलं तर शाळा,” एव्हारिस्तोनं सांगून टाकलं. “नाही आलं तर प्लासिदाबरोबर. नुसतं घरात बसवून तरी काय करायचं?”

मारिबेलनं तालुक्याच्या शाळेचा निळा स्कर्ट शेजारणीच्या मुलीकडून आधीच मागून आणला होता आणि गादीखाली घडी करून ठेवला होता. बासिलियानं तो पाहिला होता, आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

गेल्या साली गारपिटीनं पीक झोडपलं होतं, त्यामुळं बियाणं निम्मंच उरलं होतं. जुनी माणसं नेहमी थोडं वर उतारावर, थोडं खाली तळ्याकाठी असं वाटून पेरत. एक बुडालं तर दुसरं तगतं. या वेळी वाटायला बियाणंच नव्हतं. पाऊस कमी झाला तर खालचं शेत सोनं, कारण तळ्याची ओल. पाऊस जास्त झाला तर वरचं, कारण पाणी निघून जातं. खालचं शेत तीन वर्षं पडीक ठेवलेलं, चांगलं विसावलेलं. वरचं दगडाळ. एकच निवडायचं होतं, आणि त्या निवडीवर गादीखालचा स्कर्ट टांगलेला होता.

सप्टेंबरच्या शेवटी तोमासा काठी टेकत मारिबेलला घेऊन मेंढ्यांमागं गेली आणि जेवायच्या वेळी परतली. दारातूनच म्हणाली, “टिटवीनं वर घातलीत. पार वर, उताराच्या वाटेवर, दगडांच्या उंचवट्यावर. चार. गर्द हिरवी, ठिपके दाट. पाणी येतंय, सूनबाई, आणि असंतसं नाही. खाली पेरू नका.”

“आई, मी बीटाचा रस काढतेय. हात भरलेत माझे.”

“हात भरलेत, कान तर मोकळे आहेत ना?”

“पाळकांनी सांगितलंय—”

“पाळकाला विचार, त्यानं आयुष्यात एक बटाटा पेरलाय का.”

“आविचा खोटं नाही बोलत, आई,” मारिबेल मधेच म्हणाली. ती आजीला आविचा म्हणे. “मी पण बघितली. पक्षीण तिथनं हलत नव्हती.”

“तू अंडी बघत फिरलीस?” बासिलियानं पळी खाली ठेवली. “उद्या वहीत लिही. देवाची क्षमा माग.”

मारिबेलनं लिहिलं. तोमासानं गालातला बोळा या गालातून त्या गालात सरकवला आणि त्या दिवसापुरता विषय सोडला.

आता बासिलियाही काही दगड नव्हती. तिला कळत होतं की चूक करून चालणार नाही. तीन दिवस तिनं एक वेळचं जेवण सोडलं. आणि मग ऑक्टोबरमधल्या एका सकाळी तिनं देवाला सरळ प्रश्न घातला. एव्हारिस्तोचं गाढव घेतलं, त्याच्या पाठीवर शेणखताची दोन पोती लादली, मारिबेलला बरोबर घेतलं आणि घरातून निघताना म्हणाली, “प्रभू, मी जनावराला कुठंही वळवणार नाही. जिथं तू थांबवशील तिथं खत टाकीन. जिथं खत, तिथं पेरणी.”

गाढवाचं नाव सार्जंट. एव्हारिस्तोनं सैन्यातल्या सक्तीच्या वर्षात ज्याच्या लाथा खाल्ल्या, त्याच्या हुद्द्यावरून ठेवलेलं. सार्जंट म्हणजे एव्हारिस्तोचं गाढव, दुसरं कुणी त्याला फारसं हाकत नसे. गेली तीन वर्षं एव्हारिस्तो त्याला नेहमी वरच्या वाटेनंच रस्त्याला नेई. तिकडं चारा बरा आहे, म्हणायचा. दोन्ही शेतं खालच्या वाटेवर, म्हणून बासिलिया त्याला घेऊन त्या वाटेनं त्या दिवशी पहिल्यांदाच निघाली.

वाट घराच्या मागून डोंगराच्या कण्यावरून जाते. वरच्या शेताचा फाटा आधी लागतो. तिथं पोचतात न पोचतात तोच पायापासून हातभर अंतरावरून टिटवी उडाली. ओरडत, किंचाळत, डोक्यावर घिरट्या घालत. मग पुढं जाऊन बसली, एक पंख मोडल्यासारखा जमिनीवरून फरफटवू लागली. पुन्हा उडाली. असा कल्ला की सार्जंटनं दोन्ही कान मागं टाकले.

“आई, अंडी! पाय नको टाकू, तिथंच आहेत,” मारिबेल म्हणाली. “चारच्या चार. बघ ना, एकदा बघ फक्त.”

बासिलियाचं पाऊल अडखळलं. हे खरं सांगायला हवं. क्षणभर तिच्या मनात काहीतरी हललं. लहानपणी बापानं तिला याच दिवसांत खांद्यावर घेऊन घरटी दाखवली होती आणि तो कधी चुकला नव्हता. पण मग तिला सेनोन आठवले, आणि वाटलं की नेमका प्रश्न विचारल्या दिवशी सैतान वाटेत येणारच. तिनं ढेकूळ उचललं आणि पक्ष्यावर भिरकावलं.

“चल,” ती म्हणाली. “खाली बघ आणि चाल.”

टिटवी त्यांच्या मागं बरंच लांबपर्यंत ओरडत आली. पुढं वाट उतरते. तळ्याकाठच्या शेताला दगडी कुंपण आहे, त्याच्या कोपऱ्यात एक पडकी झोपडी. त्या कोपऱ्याशी आल्यावर सार्जंट थांबला. एकदम, चारही पाय रोवून. बासिलियानं चुचकारलं, ढकललं, काठीनं हळूच मारलं. गाढव डोळे अर्धे मिटून उभं. जणू त्याला कुणी सांगितलंय की इथंच.

बासिलिया तिथंच ढेकळांत गुडघ्यावर बसली आणि तिला रडू फुटलं. आजवर देवानं तिला खिळे आणि घोंगड्या दाखवल्या होत्या. आज मोठ्या गोष्टीत तो बोलला होता, तिच्या पोरीसाठी बोलला होता.

“आई,” मारिबेल म्हणाली, “तो इथं—”

“काय?”

मुलीनं आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं. “काही नाही,” ती म्हणाली.

खत तिथंच उतरवलं. त्या बुधवारी बासिलियानं साक्ष दिली आणि प्रार्थनाघर दणाणून गेलं. सेनोन यांचे डोळे भरून आले. पवित्र शास्त्रातही एका गाढवाला माणसाच्या आधी देवदूत दिसला होता, ते म्हणाले, आणि शहाणी माणसं मागं राहिली होती. सैतान पंख फडफडवत ओरडला पण बहिणीनं मागं वळून पाहिलं नाही, असं त्यांनी टिटवीवरही भाषण केलं. आमेन, आमेन. बासिलियानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून नवऱ्याकडं पाहिलं, की त्यालाही किती आनंद झालाय. एव्हारिस्तो हॅट मांडीवर धरून हॅटच्या कडेकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. देवाच्या प्रेमानं, तिला वाटलं.

घरी तोमासानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “गाढवाचं ऐकलंत. बरं.”

पेरणी झाली. उगवण अशी झाली की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. नोव्हेंबरात काळ्याभोर मातीवर हिरवे गुच्छ उभे राहिले, आणि वरच्या उतारावर तोमासाच्या भावानं पेरलेलं अजून खुरटलेलंच होतं. बासिलिया मुद्दाम सासूला तिकडं घेऊन गेली. म्हातारी बघून म्हणाली, “अजून नाताळ व्हायचाय.”

नाताळानंतर पाऊस लागला. आधी सगळ्यांना बरं वाटलं. मग नवं वर्ष लागलं तरी तो थांबेना. दिवसच्या दिवस डोंगर दिसत नव्हता. तळं रोज हातभर पुढं सरकत होतं, आवाज न करता, गाय चरत पुढं येते तसं. बासिलिया आणि एव्हारिस्तोनं चर खणले, कुंपणाच्या दगडांनी बांध घातला, गुडघाभर चिखलात उभं राहून बादल्यांनी पाणी उपसलं. मारिबेल सगळ्यांत जास्त राबली. तिच्या तळहाताची साल निघाली, तेव्हा तिनं हाताला फडकं गुंडाळलं आणि परत खोरं घेतलं. तिच्याकडं बघून बासिलियाचं काळीज तुटत होतं. तोंडानं मात्र ती प्रार्थना म्हणत होती, न थांबता, मोठ्यानं.

जानेवारीच्या अखेरीला झाडांचे शेंडे पिवळे पडले. एव्हारिस्तोनं एक झाड उपटलं. मुळाशी बटाट्याच्या जागी काळा, ओघळणारा, वास मारणारा गोळा आला. त्यानं दुसरं उपटलं. तिसरं उपटायला तो वाकला आणि तसाच सरळ झाला. वर उतारावर तोमासाच्या भावाचं शेत पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी भरलं होतं.

शाळा फेब्रुवारीत उघडणार होती. मागच्या सालचं चुन्यो घरात होतं, पण तेच आता वर्षभर घरातल्या तोंडांना पुरवायचं होतं. प्लासिदाला निरोप गेला.

मारिबेल रडली नाही, हे सगळ्यांत वाईट झालं. तिनं निळा स्कर्ट धुवून, वाळवून, शेजारणीच्या मुलीला परत नेऊन दिला. जायच्या आदल्या दिवशी निळी वही आईपुढं ठेवली. “पुढचं कोण लिहील?” तिनं विचारलं. तोमासानं नातीला जवळ बसवून तिच्या वेण्या घातल्या, आणि वेण्या घालून झाल्यावर उकलून पुन्हा घातल्या.

सकाळी बस रस्त्यावर यायची होती. वरची वाट पावसानं खचली होती, म्हणून खालूनच जावं लागणार होतं. “मी येत नाही,” एव्हारिस्तो म्हणाला. “मला बघवणार नाही.” त्यानं सार्जंटच्या पाठीवर मुलीचं गाठोडं बांधलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गोठ्याच्या मागं निघून गेला. मायलेकी निघाल्या.

खालच्या शेताशी वाटेवर घोट्याएवढं पाणी होतं. दगडी कुंपणाचा कोपरा तेवढा वर दिसत होता आणि पडकी झोपडी. त्या कोपऱ्याशी आल्यावर सार्जंट थांबला. पाण्यात, चारही पाय रोवून, डोळे अर्धे मिटून.

बासिलिया त्याच्याकडं बघत राहिली. आता काय सांगायचं होतं देवाला? आता इथं काय राहिलं होतं? तिनं काठी उगारली.

“मारू नकोस,” मारिबेल म्हणाली. “तो असा नाही निघायचा.”

मुलीनं चपला काढून हातात घेतल्या, पाण्यातून कुंपणापर्यंत गेली आणि कोपऱ्यातल्या एका सपाट दगडाआड हात घातला. तिला शोधावं लागलं नाही. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक रिकामी बाटली होती, चिखलानं भरलेली, लेबल कधीच निघून गेलेली. तिनं ती दगडावर दोनदा आपटली. टक्, टक्. पिऊन झाल्यावर माणूस बाटली खाली ठेवतो तशी.

सार्जंटनं कान हलवले आणि चालायला लागला.

बासिलिया पाण्यात उभी राहिली. तिला समजायला वेळ लागला असं म्हणता येणार नाही. समजलं लगेच. मान्य करायला तिला गाढवाच्या दहा-बारा पावलांएवढा वेळ लागला.

“इथं?” तिनं विचारलं.

“हो. दुकानात नाही. इथंच, झोपडीच्या सावलीला. मी मेंढ्या घेऊन बाबांबरोबर असायचे ना. सार्जंटला माहीत होतं, आवाज आला की निघायचं.”

“त्या दिवशी तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि बोलली नाहीस?”

“बोलत होते,” मारिबेल म्हणाली. “तू रडायला लागलीस. मला वाटलं होतं, घरी गेल्यावर बाबा सांगतील. मग तू बुधवारी उभी राहिलीस आणि सगळे आमेन म्हणायला लागले, तेव्हा बाबांनी माझ्याकडं बघितलं. असं बघितलं, आई, की मला नाही बोलता आलं. मी बोलले असते तर ते परत प्यायला लागले असते.”

तिनं बाटली होती तिथं परत ठेवली, नीट, दगडाआड. बासिलियाला ती फोडून टाकावीशी वाटत होती. तिनं फोडली नाही. बस आली. भाचीला न्यायला बसमधून आलेल्या प्लासिदानं खिडकीतून गाठोडं आत ओढलं. मारिबेल चढताना वळून म्हणाली, “सार्जंटला परत नेताना आवाज करायला विसरू नकोस हं, नाहीतर तिथंच उभी राहशील दुपारपर्यंत.” हे ती हसवायला म्हणाली. बस गेली.

परतताना सार्जंट थांबला तेव्हा बासिलियानं आवाज केला नाही. ती त्याच्याबरोबर पाण्यात उभी राहिली, किती वेळ कुणास ठाऊक. शेवटी कंटाळून गाढवच निघालं.

घरी आल्यावर ती तडक नवऱ्याकडं गेली. शब्द तयार होते, एकाहून एक जहरी, वाटभर तिनं त्यांना धार लावली होती. पण एव्हारिस्तो गोठ्यात जमिनीवर बसला होता आणि त्याचे हात रिकामे असूनही थरथरत होते. असे हात तिनं अकरा वर्षं पाहिले होते. ती वळली आणि चूल पेटवायला गेली.

बुधवार आला. सेनोन यांनी मायेनं तिच्याकडं पाहिलं. “बहीण बासिलिया. कठीण दिवस आहेत. पण कठीण दिवसांतही तो हळूच काहीतरी बोलला असेल.”

बासिलिया उभी राहिली. बायका पुढं सरकल्या. हातात निळी वही होती, मारिबेलच्या अक्षरांनी भरलेली, जी तिला वाचता येत नव्हती. समोरच्या बाकावरून एव्हारिस्तोनं मान वळवली आणि तिच्याकडं पाहिलं. आपल्या पोरीनं काय पाहिलं होतं ते तिला तेव्हा कळलं. बाटलीचं नाव काढलं तर हा माणूस इथून उठून सरळ त्या कोपऱ्यात जाऊन बसेल, हे तिला स्वच्छ दिसलं. तिला त्याचा संताप आला आणि कीवही आली, आणि संताप जास्त होता.

“गाढव सवयीनं थांबलं होतं,” ती म्हणाली. “जनावराला जागेची सवय असते. त्यात देव नव्हता. देव आधीच बोलला होता, वरच्या फाट्यावर. चार अंडी घातली होती टिटवीनं, पार उंचावर, माझ्या पायाशी. ती ओरडून ओरडून सांगत होती. मी तिला ढेकूळ मारलं. माझी पोरगी ला पाझला लोकांच्या मोऱ्या घासतेय. हीच माझी साक्ष.”

आमेनची जागा आली आणि रिकामी गेली. कुणीतरी खोकलं. फेलिपा खाली बघून आपला गुडघा चोळू लागली. सेनोन हळू आवाजात म्हणाले, “बहीण दुःखात आहे. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू.” कुणीतरी घाईनं गाणं सुरू केलं. एव्हारिस्तोचे खांदे सैल पडले. त्याची सुटका झाली होती, आणि त्याला तिच्याकडं बघायचा धीर झाला नाही.

बासिलिया एकटीच घरी आली. तोमासा भिंतीपाशी उन्हात बसली होती, मांडीवर शेंगांची टोपली. मारिबेल गेल्यापासून तिनं कुणाला टोमणा मारला नव्हता.

“काय सांगितलंस आज?” तिनं विचारलं.

“टिटवीचं.”

“मग?”

“कुणी आमेन म्हटलं नाही.”

म्हातारीनं एक शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले, साल बाजूला टाकली.

“मी सप्टेंबरात सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तेव्हा तू तरी कुठं म्हटलं होतंस?”